एकोणीस ठिकाणी काळा

तुम्ही शेवटचं एखाद्या माणसाचं वर्णन केलंत, फोनवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत, तेव्हा त्याचा रंग सांगितलात का? सांगितला असेल तर कुणाचा सांगितलात, आणि कुणाचा सांगायची गरजच वाटली नाही?

मला हा प्रश्न यंदाच्या मार्चमध्ये एका संपादिकेनं विचारला. शैलाताई वाईला राहतात आणि पुण्याच्या एका प्रकाशकासाठी हस्तलिखितं वाचतात. माझी पहिली कादंबरी त्यांच्याकडे गेली होती. ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. सातव्या पानावर ‘काळाकभिन्न’ या शब्दाभोवती गोल. बाराव्या पानावर ‘शिसवातून कोरल्यासारखे दंड’. पुढं ‘तुकतुकीत काळी पाठ’, ‘काळ्या बेदाण्यासारखे ओठ’, ‘काळ्या पाषाणासारखा उभा’. गोल, गोल, गोल. शेवटच्या पानाच्या मागं त्यांनी लिहिलं होतं:

‘अंतोन हा तुमच्या कादंबरीतला सगळ्यात चांगला माणूस आहे. तो एकोणीस ठिकाणी काळा आहे. शेडमालक तात्यांचा रंग एकदाही येत नाही. ते करारी आहेत, भारदस्त आहेत, थकलेले आहेत. इस्पितळातली मणिपूरची नर्स दोनदा येते आणि दोन्ही वेळा तिचे डोळे बारीक असतात. डॉक्टर चार वेळा येतो, त्याला डोळेच नाहीत. असं का?’

मी चिडले. चिडले म्हणजे हस्तलिखित पिशवीत कोंबलं आणि दोन दिवस त्याच्याकडं बघितलं नाही. मला हे विचारायचं? मला? माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलंय. माझे वडील, बापू, गावच्या पाणीयोजनेवर पंप चालवायचे आणि उरलेल्या वेळात चळवळ. पाण्याच्या वाटपावर पत्रक, बाहेरून कामाला येणाऱ्या माणसांच्या खोल्यांवर पत्रक, गावातल्या दोन पाणवठ्यांवर पत्रक. मी मुळाक्षरं शिकले ती ‘जागे व्हा’ आणि ‘हजर राहा’ या शब्दांतून. घडी घालायला बसले की शाईनं तर्जनी काळी व्हायची. बापू सांगायचे, “पत्रकात तीनच गोष्टी पायजेत. काय झालं, कुणी केलं, आन् वाचणाऱ्यानं काय करायचं. चौथं काय घुसडलंस तर लोक भज्याला कागद वापरत्यात.”

अशा घरातल्या पोरीला रंगावरून प्रश्न. मी तर त्या माणसाच्या बाजूनं लिहिलं होतं! त्याचा काळेपणा मी साजरा केला होता. शीसव म्हणजे काय हलकं लाकूड आहे?

मग एप्रिल लागला, मी सांगलीहून गावी गेले, आणि एसटीतून उतरल्या उतरल्या गंधकाचा वास आला.

तासगावच्या बाजूला एप्रिलला हाच वास असतो. द्राक्षं उतरून झालेली असतात, माळावर हिरव्या जाळ्यांच्या शेड उभ्या असतात आणि आत जाळीच्या मजल्यांवर, ज्यांना आम्ही रॅक म्हणतो, बेदाणा वाळत असतो. वाळला की झाडायचा, मग त्याला गंधकाची धुरी द्यायची. धुरीनं त्याचा रंग उजळतो. बाजारात हिरव्याला आणि पिवळ्याला मान, काळ्याला नाही. चवीचं कुणी विचारत नाही. माझी आई पंधरा वर्षं तात्यांच्या शेडवर बेदाणा निवडायला जात होती. पत्र्याच्या टेबलाभोवती बायका बसायच्या, बोलणं चालू, हात चालू. काळा दाणा दिसला की बोट आपोआप त्याला बाजूला सारायचं. आई म्हणायची, “ह्यात डोकं लागत न्हाई, डोळा लागतो. एकदा डोळा बसला की झोपंतबी दिसतंय.”

मीही सुट्टीत निवडायला बसायचे. माझाही डोळा बसला होता. हे मी तेव्हा कौतुकानं सांगायचे.

त्या वासानं मला आठ वर्षं मागं नेलं. मी बारावीचा शेवटचा पेपर देऊन मोकळी झाले होते. त्या हंगामात तात्यांच्या शेडवर हल्याळहून एक माणूस आला. नाव बस्त्याव सिद्दी. कादंबरीतला अंतोन म्हणजे हाच. नाव बदललं की माणूस बदलला असं मला वाटत होतं.

हल्याळ म्हणजे धारवाडच्या पलीकडं. आमच्या तालुक्यातले लोक गोव्याला जातात ते त्याच्या अलीकडूनच वळतात. सिद्दी लोकांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आणले गेले. आणले गेले, आले नाहीत. तेव्हापासून ते तिथल्या जंगलात आणि शेतांत राहतात, घरात कोकणी बोलतात, बाहेर कानडी. पण आमच्या गावाला हे कुठं ठाऊक? शेडवर पहिल्या दिवशी सगळ्या बायकांचे हात थांबले. मग शेवंता मावशीनं तोंड उघडलं.

“काय रं दादा, कंच्या देशाचा तू?”

“हल्याळ.”

“त्यो देश कुठं आला?”

“बेळगाववरून तीन तास.”

“मग पासपोर्ट लागत न्हाई व्हय!” शेवंता मावशी म्हणाली आणि सगळं टेबल हसलं. तोही हसला. त्याला असल्या प्रश्नांची सवय होती हे त्या हसण्यावरून कळत होतं. मी मात्र ते हसणं ‘पांढऱ्याशुभ्र दातांचं’ म्हणून कादंबरीत लिहिलं. शैलाताईंचा तिथंही गोल होता.

गावानं त्याचं नाव ‘वेस्ट इंडिज’ ठेवलं. मंडळाची पोरं संध्याकाळी क्रिकेट खेळायची, त्यांनी त्याला बोलावून हातात चेंडू दिला. आता हा विजेसारखा टाकणार म्हणून सगळे सरकून उभे. त्यानं टाकलेला चेंडू टप्पे खात कडेच्या गटारात गेला. त्याला क्रिकेट येत नव्हतं. त्याला उंचीची भीती वाटायची, रॅकच्या वरच्या मजल्यावर चढताना डोळे मिटून घ्यायचा. पण अंगानं मोठा म्हणून सगळ्यात जड क्रेट त्याच्याच खांद्यावर, आणि दुपारी पाठीला मीठ-पाण्याचा शेक देत तो सावलीत बसलेला असायचा. त्याची एकच हौस, कपडे. गुरुवारी गावचा बाजार. बुधवारी संध्याकाळी तो स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी घ्यायचा, त्याच्या बुडानं पांढरा शर्ट इस्त्री करायचा. कॉलर दोनदा, बाह्या एकदा. आई त्याला म्हणायची, “आवं बस्त्याव, बेदाण्याच्या क्रेटला इस्त्री करा की जरा, भाव वाढंल.”

यातलं एकही माझ्या कादंबरीत नव्हतं. पातेल्याची इस्त्री नाही, उंचीची भीती नाही. त्याच्याऐवजी मी त्याला संध्याकाळी ढोल वाजवायला बसवलं होतं. मी त्याला कधी ढोल वाजवताना बघितलेलं नाही.

मी वाईला गेले ती भांडायलाच. एप्रिलच्या दुपारी कृष्णेच्या पायऱ्या तापलेल्या, घाटावर एक बाई गोधडी आपटत होती. शैलाताईंचं घर जवळच्या बोळात. त्यांनी दार उघडलं, पन्हं दिलं, आणि मी पेला टेकवायच्या आधीच सुरू झाले. म्हणाले, मी त्याला मोठं केलंय, त्याचं सौंदर्य दाखवलंय, गाव त्याला हिणवत होतं आणि मी त्याला देखणा म्हटलंय.

“लाकूड,” शैलाताई म्हणाल्या.

“काय?”

“तुमच्या अंतोनचं लाकूड होतं, दगड होतो, फळ होतं. त्याला कातडी कधी मिळणार? कातडीला घामोळं येतं, ओरखडा उठतो. लाकडाला काही होत नाही. त्याला मारतात तो प्रसंग वाचताना मला म्हणून काही वाटलं नाही. शिसवाला मारलं, शिसवाला काय लागतंय?”

 आणि त्यांनी पुढं जे विचारलं त्याची तयारी मी केली नव्हती.

“राग मानू नका, पण एक सांगते. बाकीच्या कादंबरीत तुम्ही चाचपडता. पहिलं पुस्तक आहे, चालायचंच. पण त्याचं वर्णन येतं तिथं हात बसलेला आहे. उंची, रंग, केस, ओठ, एकामागं एक, न अडखळता. हे तुम्ही पहिल्यांदा लिहिलेलं नाही. आधी कुठं लिहिलंत?”

गोधडी आपटल्याचा आवाज आतपर्यंत येत होता. मी त्या आवाजाकडं लक्ष देत बसले. मग सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तुम्हाला आता सांगते, तसंच.

त्या एप्रिलमध्ये आमच्या भागात पोरं पळवणारी टोळी फिरते अशी आवई उठली होती. कुणाचंच पोर गेलं नव्हतं. पण शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईला शाळेच्या भिंतीजवळ कुणीतरी उभं दिसलं, तिनं हाक मारली तर तो निघून गेला. एवढंच. तरुण मंडळाचा अध्यक्ष विक्रम, गावात सगळे विक्या म्हणायचे, घरी आला. तो भरतीची तयारी करत होता, पहाटे डांबरीवर पळायचा, गावाला त्याचं कौतुक होतं. म्हणाला, “तुझं लिहिणं लय भारी हाय. बापूंच्यावाणी. ग्रुपवर टाकायला एक मेसेज लिहून दे की, लोक सावध व्हायला पायजेत.”

त्या बाईनं काय सांगितलं होतं? ‘उंच व्हता, काळसर वाटला.’ इतकंच. काळसर तर आमच्या गावात कोण नाही? मी स्वतः काळी आहे. माझं लग्न जमवताना फोटो कुठल्या उजेडात काढायचा यावर घरात चर्चा होते. पण लिहायला बसले तेव्हा मी माझ्याकडं बघितलं नाही.

मी मेसेज लिहिला. काय झालं, ते लिहिलं. कुणी केलं, यापाशी अडले. ‘एक उंच, काळसर इसम’ एवढ्यावर वाक्य थांबत होतं, आणि मला ते अपुरं वाटलं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहायला हवा, असं मला वाटलं. म्हणून मी त्याला उभा केला. ‘काळसर’चं ‘काळाकुट्ट’ केलं. ‘कुरळे केस’ घातले. ‘जाड ओठ’ घातले. ‘परप्रांतीय वाटणारा’ घातलं. मला ते कुठून सुचलं? मी रोज दुपारी ज्याच्यासमोर बसून जेवत होते त्याच्याकडून सुचलं. त्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. त्याच्यावर संशय नव्हता, राग नव्हता. माझ्याकडं वापरायला तेवढंच एक सामान होतं, ते मी वापरलं. शेवटी लिहिलं: ‘असा इसम दिसल्यास सोडू नका.’

तिसरी गोष्ट. वाचणाऱ्यानं काय करायचं.

बस्त्यावला कानडी वाचता यायचं, मराठी नाही. त्या महिन्यात मी त्याला मराठी अक्षरं शिकवत होते, बापूंच्या जुन्या पत्रकांवरून. तो बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. मेसेज त्याच्याही फोनवर आला, शेडच्या ग्रुपवरून. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं तो मला वाचून दाखवला, सगळा, एकदाच अडला ‘इसम’पाशी. मी त्याला अर्थ सांगितला. कौतुकही केलं. मला आठवतंय, मी टाळी वाजवली.

मग तो फोन खिशात ठेवत गंभीरपणे म्हणाला, “असा माणूस मी इकडं बघितला नाही. बघितला तर तात्यांना सांगतो.”

त्याला स्वतःची ओळख पटली नाही. कशी पटणार? त्याच्या गावात काळा असणं म्हणजे वर्णन नव्हे. तिथं बस्त्याव म्हणजे इस्त्रीवाला बस्त्याव, पाठदुखीचा बस्त्याव, मरियमचा भाऊ बस्त्याव. आम्हीच त्याला दुसऱ्या कुठल्याही नावानं ओळखू शकत नव्हतो. आणि मी, जिनं ते वाक्य लिहिलं, तिलाही समोर बसून ओळख पटली नाही. हे मी इतक्या वेळा मनात तपासलंय. पटली असती तर मी बोलले असते का? वाटतं, बोलले असते. पण मी त्याची शपथ घेणार नाही.

गुरुवारी बाजारात मी नव्हते, आई होती. ती भाजी घेत होती. बस्त्याव चपलांच्या पालाजवळ वाकला होता. त्याच्या बहिणीला, मरियमला, चार वर्षांची मुलगी. तिच्यासाठी त्याला चप्पल घ्यायची होती आणि माप ठाऊक नव्हतं. शेजारी तेवढीच एक पोर उभी होती. त्यानं तिला हसून विचारलं, बाळ, पाय टाकून बघ. तिनं टाकला. तो तिच्या पायाशी बसून पट्टा लावत होता.

एवढंच त्यानं केलं. माझ्या आईनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

कुणीतरी ओरडलं. आई सांगते की ओरडणाऱ्यानं मेसेजमधलेच शब्द वापरले, अगदी त्याच क्रमानं, पाठ केल्यासारखे. मग माणसं धावली. आई मधे पडत होती, “आवं, आपल्या शेडवरचा हाय त्यो! बस्त्याव हाय! सोडा त्याला!” पण गर्दीला बस्त्याव ठाऊकच नव्हता. गर्दीला मेसेज ठाऊक होता. चपलांच्या पालाचा बांबू काढला होता. पुढचं मी लिहिणार नाही. कादंबरीत मी ते अडीच पानं लिहिलं होतं, लयीत. ती पानं मी फाडली.

सांगलीच्या सरकारी इस्पितळात तो बावीस दिवस होता. उजव्या हाताची तीन बोटं परत सरळ झाली नाहीत. एका कानानं ऐकू येत नाही. मणिपूरची ती नर्स खरी होती. तिनं माझ्या आईला बाहेर नेऊन विचारलं होतं, “ये आदमी का नाम क्या है? सब लोग बोल रहे हैं वो काला पेशंट. मुझे नाम चाहिए.” आईनं नाव सांगितलं. नर्सनं ते खाटेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आणि मला आठ वर्षांनी, कादंबरी लिहिताना, तिचं काय आठवलं? डोळे.

मरियम हल्याळहून आली. ती रडली नाही. वॉर्डात सगळ्यांना एकेक करून विचारत होती, “कोणी मारलं?” सगळे म्हणत होते, गर्दी होती.

घरी बापूंनी मला हाक मारली. त्यांच्या हातात फोन होता. चष्मा कपाळावर.

“हे कुणी लिवलं?”

मी बघू म्हणून फोनकडं हात पुढं केला.

“मी इचारतोय, पण मला ठाव हाय. पयल्या दोन ओळी कुणाच्याबी असत्याल. तिसरी तुझी हाय.”

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच. मग आत येऊन म्हणाले, “पोलिसात जाऊ.” आणि आई आडवी आली. त्या दिवशी बाजारात जिनं एकटीनं गर्दीला अडवलं होतं, तीच. “पोरीचं वय काय? तिचं आयुष्य नासवताय व्हय? त्याचं काय व्हायचं त्ये झालं.” बापू तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि कोपऱ्यातलं जुनं पत्रक वाचायला घेतलं. आमच्या घरात अन्यायावर बोलणं कधी थांबलं नव्हतं, ते त्या दिवशी थांबलं. त्यानंतर बापूंनी एकही पत्रक लिहिलं नाही. लोकांना वाटतं, वय झालं.

गावही गप्प बसलं, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. भरती. त्या गर्दीतली निम्मी पोरं भरतीच्या तयारीची. अंगावर केस लागली की पोलिसांचा दाखला मिळत नाही, दाखला नाही तर भरती नाही. इस्पितळातून पोलिसात नोंद गेली होती, पण देवळात बैठक झाली आणि ठरलं की कुणीही कुणाला बघितलेलं नाही. देशाची सेवा करायला निघालेल्या पोरांसाठी गावानं एक माणूस बाजूला सारला, जसं आमचं बोट टेबलावर दाणा सारायचं. विक्रम त्याच वर्षी लागला. सुट्टीवर आला की गाव त्याला हार घालतं. तो बाजारात होता की नव्हता, हे मला ठाऊक नाही. मला ठाऊक नाही हे लिहिणं भाग आहे, कारण एकदा मी ठाऊक नसलेलं लिहिलंय.

वाईला शैलाताईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्या माझा हात हातात घेतील. नाही घेतला. म्हणाल्या, “कादंबरीत मेसेज नाही.”

“नाही.”

“म्हणजे तुमच्या कादंबरीत गर्दी त्याला उगाच मारते.”

“हो.”

“मग एकोणीस गोल पुसून काही होणार नाही. काळा शब्द काढलात तरी हे पुस्तक खोटंच राहील. त्याचा रंग कुणी लिहिला, ते लिहा.”

मी उठले. दारात त्यांनी एवढंच विचारलं, “तो आहे ना अजून?”

तो आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. ज्याच्यावर मी दोनशे पानं लिहिली त्याला मी आठ वर्षांत एक फोन केला नव्हता.

तात्यांच्या जुन्या वहीत मरियमचा नंबर मिळाला. तीन दिवस मी तो लावला नाही. चौथ्या दिवशी शेडच्या मागं उभी राहून लावला. गंधकाच्या वासानं डोळे झोंबत होते. त्याचा उपयोग झाला, रडतेय की काय हे माझं मलाच कळत नव्हतं.

फोन मरियमनं घेतला, मग त्याला दिला. मी सगळं एका दमात सांगितलं. तो मेसेज मी लिहिला होता. ते ओठ, ते केस मी घातले होते. तुझ्यावरून घातले होते.

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

“ऐकू आलं?” मी विचारलं. आणि मग आठवलं की त्याला एका कानानं ऐकू येत नाही.

“आलं,” तो म्हणाला. “ते तू मला वाचायला लावलं होतं.”

“हो.”

“टाळी वाजवली होती.”

“हो.”

मी म्हणाले, पुस्तक लिहितेय. सगळं खरं लिहीन. तुझं नाव हवं तर घालीन, नको तर नाही. तुझ्या रंगाबद्दल एक शब्द लिहिणार नाही.

“रंग लिही नाही तर नको लिही,” तो म्हणाला. “मी काळाच आहे. त्याचं मला काय. पुस्तक राहू दे बाजूला. मला कोर्टाचा कागद आला आहे. कानडीत नाही, मराठीत आहे. मी वाचला, तू शिकवलं तसा बोट ठेवून. त्यात लिहिलंय की मारणारे कोण ते कोणाला माहीत नाही, म्हणून केस बंद करतात. मला काही बोलायचं असेल तर या म्हणतात. मी जातो. पण मी काय सांगू? मी खाली पडलो होतो. मला फक्त पाय दिसले.”

मग तो म्हणाला, “तुझी आई उभी होती. तिला तोंडं दिसली.”

संध्याकाळी मी आईला विचारलं. ती चुलीपुढं होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. भाकरी थापत राहिली, उलटली, शेकली, काढली. मग दुसरी घेतली. म्हणाली, “तिघांची तोंडं मला रोज दिसत्यात. त्यातला एक आता माझ्या म्हयेरचा सोयरा हाय.” आणि थोड्या वेळानं, “कवा जायचं?”

आम्ही दोघी गेलो. बापूही आले, एसटीत खिडकीशी बसले. सरकारी वकिलांसमोर आईनं तीन नावं सांगितली. मी तो मेसेज, माझ्या जुन्या फोनमधला, माझ्या सहीनिशी दिला. वकील म्हणाले, यात तुझ्यावरही येऊ शकतं. येऊ दे. पण त्यांनी हेही सांगितलं की एका बाईच्या सांगण्यावर, तेही आठ वर्षांनी, कोर्ट भरवसा ठेवील याची खात्री नाही. आणखी कुणी हवं. नाहीतर पुढच्या तारखेला प्रकरण बंद होईल, आणि बस्त्याव सिद्दी यांना अज्ञात माणसांनी मारलं, हे कायमचं खरं ठरेल.

गावात आता आमच्याशी फार कुणी बोलत नाही. शेवंता मावशी येते, दारातून बोलते, आत येत नाही. कादंबरीची पानं माझ्या टेबलावर आहेत. त्यातलं किती उरेल मला सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर सध्या मला त्याची घाईही नाही.

हा लेख मी तुमच्यासाठी लिहिलाय, जे त्या गुरुवारी बाजारात होते. तुम्ही पुष्कळ होता. भाजीचं पाल तुमचं होतं, रसाची गाडी तुमची होती, तुम्ही एसटीची वाट बघत उभे होता. तुमच्यातल्या काहींनी हातही लावला नसेल, नुसतं बघितलं असेल. मला तेवढंच हवंय. पुढच्या महिन्यात तारीख आहे. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात या, सरकारी वकिलांना भेटा, आणि तुम्ही ज्याचं तोंड बघितलंत त्याचं नाव सांगा. जेवढं बघितलंत तेवढंच सांगा, त्यात पदरचं एक अक्षर घालू नका. तो आज वर्दीत असेल तरी सांगा. तुमचा भाऊ असेल तरी सांगा.